मी पावाची टोपली, मांजरीची नव्हे

मित्रांनो, मी वाळुंजाच्या काड्यांची, झाकण असलेली एक जुनी टोपली आहे. आणि मी मत्सरी आहे. आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू असलं काही सहसा कबूल करत नाहीत. आपण किती सोसलं, किती झिजलो, एवढंच सांगतात. मीही सोसलंय आणि झिजलेय, पण मत्सर वगळून माझी गोष्ट सांगितली तर ती अर्धी खोटी होईल.

माझा जन्म चिंबारोंगो गावचा. तिथं घरोघरी वाळुंज विणतात. रुपेर्तोकाका नावाच्या कारागिराने ओढ्याकाठच्या काड्या कापल्या, महिनाभर पाण्यात उभ्या ठेवल्या, साल सोलली आणि मग दोन दिवस मांडी घालून मला विणलं. झाकणाला त्याने काड्यांचाच एक फास केला आणि त्यात अडकवायला लाकडाची छोटी खुंटी दिली. काम झाल्यावर त्याने मला उलटं करून माझ्यावर बसून पाहिलं. मी कुरकुरलेसुद्धा नाही. मग त्याने मला रस्त्याकडेच्या दुकानात टांगलं.

तिथून मला लाउतारो नावाच्या माणसाने घेतलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बस थांबली तेवढ्यात त्याने खिडकीतूनच पैसे दिले आणि मला बायकोच्या मांडीवर ठेवलं. बायको म्हणजे एदेल्मिराबाई. तिने माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि वाल्पराईसो शहर येईपर्यंत मला खाली ठेवलं नाही.

तिथल्या एका टेकडीवरच्या पत्र्याच्या घरात माझी खरी नोकरी सुरू झाली. रोज संध्याकाळी पाच वाजता एदेल्मिराबाई मला हातात अडकवून पायऱ्या उतरायची आणि बेकरीत जायची. इतर बायका पिशव्या आणायच्या. पिशवीत गरम पावाला घाम सुटतो आणि पाव मऊ पडतो. माझ्यातला पाव घरी पोचेपर्यंत कुरकुरीत राहायचा. बेकरीवालीने दोनदा मला विकत मागितलं. एदेल्मिराबाई म्हणाली, "हवं तर नवरा विकत घे माझा. टोपली नाही मिळायची." दुकानातले सगळे हसले. बरोबर आलेला लाउतारोही हसला, पण जरा कमी.

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. लाउतारो छातीच्या दुखण्याने वारला. मुलगी मारित्सा उत्तरेकडच्या खाणीतल्या खानावळीत स्वयंपाकी म्हणून गेली आणि वर्षातून एकदा येऊ लागली. घरात दोनच पाव लागायचे. दोन पावांना कशाला लागते टोपली? तरी एदेल्मिराबाई मला न्यायची. संध्याकाळच्या चहाला ती एकटी बसायची आणि मी समोरच्या खुर्चीवर असायचे. त्या दिवसांत तिचं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. हे बरं नाही, हे मला कळत होतं, पण मला ते आवडत होतं.

मग सेनिसा आली. सेनिसा म्हणजे राख. त्या रंगाची एक मांजरी, पाऊस चुकवत स्वयंपाकघरात शिरली. पोट टम्म फुगलेलं. एदेल्मिराबाई दूध आणायला वळली तेवढ्यात ही बया माझ्यात चढली आणि पावाच्या पांढऱ्या फडक्यावर चार पिल्लं घातली. मला वाटलं, आता बाई झाडू घेऊन येणार. बाई आली, वाकून बघितलं आणि खदखदून हसली. लाउतारो गेल्यापासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. ते तिला मी आणून दिलं नाही, मांजरीने दिलं. माझ्या मत्सराचा पहिला दिवस तोच.

दुसऱ्या दिवसापासून पाव कापडी पिशवीतून येऊ लागला. पिशवीवर कुठल्याशा औषधाच्या दुकानाची जाहिरात होती. मला चुलीशेजारी जमिनीवर ठेवलं, आत जुना स्वेटर अंथरला, आणि मी मांजरीचं अंथरूण झाले. जो हात अठ्ठावीस वर्षं माझ्या कडीत होता, तो आता माझ्यावरून जाऊन त्या मांजरीच्या मानेखाली खाजवायचा. "सेनिसा, आज चहाबरोबर अंडं खाऊ की चीज?" असं बाई तिला विचारायची. मला इतक्या वर्षांत कधी काही विचारलं नव्हतं. मांजरी उत्तर न देता डोळे मिटायची, आणि बाईला तेही कौतुकाचं वाटायचं.

मित्रांनो, याहून वाईट गोष्ट पुढे आहे. आमच्या टेकडीवर एक रीत आहे. चर्चमध्ये डोक्यावर पाणी घालून नाव ठेवताना एखादी बाई कुणाच्या मुलाची धर्ममाता झाली, की ती आणि मुलाची आई एकमेकींच्या कोमाद्रे होतात. पुरुष असला तर कोम्पाद्रे. ते नातं रक्ताच्या नात्यापेक्षा घट्ट धरतात. एदेल्मिराबाईने ही रीत मांजरांना लावली. पिल्लू न्यायला आलेल्याला ती दारातून परत पाठवायची नाही. आधी चहा, पाव, मग पिल्लाचं नाव ठेवायचं, मग त्याच्या डोक्यावर चमचाभर पाणी शिंपडायचं, की झाली सोयरीक. वस्ती समितीची अध्यक्ष क्लोरिंदाबाई अशी पहिली कोमाद्रे झाली. मासे तळून विकणारा नाल्दो कोम्पाद्रे झाला. दोन वर्षांत सेनिसाने तीन वेळा पिल्लं घातली आणि एदेल्मिराबाईचे नऊ सोयरे झाले. रविवारी चहाला खुर्च्या पुरायच्या नाहीत. येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे वाकायचा, आणि म्हणायचा, "कशी आहेस गं सेनिसा?"

एका रविवारी सगळे गेल्यावर क्लोरिंदाबाई मागे थांबली.

"जुलैच्या शेवटच्या शनिवारी आपल्या हॉलमध्ये मांजरांची ऑपरेशनं आहेत. फुकट. सेनिसाचं नाव घालते मी," ती म्हणाली.

"नको घालूस. तिला काय धाड भरलीय?"

"पाठीवरून हात फिरव की. मणके लागतात हाताला."

"बाळंतिणीची हाडं दिसायचीच. तुझी नव्हती दिसत?"

"माझी दोनच बाळंतपणं झाली, तीही सहा वर्षांच्या अंतराने. आणि माझा नवरा एकच होता. हिच्यामागे अख्खी टेकडी आहे."

"पिल्लांना घरं मिळतायत ना? एक तरी टाकलंय का मी रस्त्यावर?"

क्लोरिंदाबाईने कप खाली ठेवला. "खरं सांग कोमाद्रे. तुला पिल्लं हवीयत, की चहाला माणसं?"

एदेल्मिराबाईने उगाच टेबल पुसायला घेतलं, जिथं काही सांडलंच नव्हतं. घाव वर्मी बसला होता. मला मात्र गुदगुल्या झाल्या. त्या घरात सेनिसाच्या विरुद्ध कुणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं, निदान मला तरी तसं ऐकू आलं.

तो जुलै तसाच गेला. पुढच्या मे महिन्यात सेनिसा चौथ्यांदा व्याली. दोन पिल्लं मेलेलीच जन्मली. तिसरं एक दिवस जगलं. सेनिसा तीन दिवस माझ्यात पडून राहिली, पाण्याकडेही बघेना. एदेल्मिराबाई बोटाने तिच्या ओठांना दूध लावायची. लसी टोचायला फिरणारी डॉक्टर कातालान नावाची तरुण मुलगी घरी आली. तिने सेनिसाचं पोट चाचपलं.

"मावशी, पुढच्या खेपेला ही वाचणार नाही."

"पुढची खेप कधी?"

"तुम्हाला ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये."

ऑगस्ट हा आमच्याकडे मांजरांचा महिना. सगळ्या टेकडीवरचे बोके पत्र्यांवर येतात आणि अशी ओरड सुरू करतात, की माणसं कानात कापूस घालतात. दार बंद करून मांजरी थांबत नाही. आमच्या खिडकीची काच तर लाउतारो असल्यापासूनच फुटकी आहे.

त्या संध्याकाळी बाईने चहा केला आणि प्यायली नाही. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि मांजरीशी बोलत राहिली. "तुला विचारायला हवं होतं बये. पण तू हो म्हणालीस की नाही म्हणालीस, ते मला कुठं कळणार? म्हणून मी मला हवं ते ऐकत राहिले. चार खेपा ऐकत राहिले." मग ती शाल ओढून क्लोरिंदाबाईच्या दारात गेली आणि म्हणाली, "घाल नाव." परत येऊन मात्र तिने खुर्च्यांकडे बघितलं आणि डोळे पुसले. रविवारच्या त्या खुर्च्यांची तिला भीती वाटत होती. रिकाम्या खुर्च्या कशा दिसतात हे तिने एकदा पाहिलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या गुरुवारी बाईने मला उचललं. जुना स्वेटर काढला, साबणाने घासलं, उन्हात वाळवलं, सुटलेल्या काड्या लोकरीने बांधल्या. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मला वाटलं, दिवस फिरले. शनिवारी सकाळी तिने मला टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं, आणि मानगूट धरून सेनिसाला आत कोंबलं. तेव्हा कुठं मला कळलं, की एवढी अंघोळ कुणासाठी होती.

सेनिसाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं. बाईनेही घोटभर चहा घेतला नाही. काही न खाता कुणी घराबाहेर पडणं आमच्याकडे अशुभासारखंच मानतात. "तू उपाशी, तर मीही उपाशी," ती म्हणाली. माझा जीव जळला. माझ्यासाठी ती कधी उपाशी राहिली नव्हती.

हॉलबाहेर पायऱ्यांवर रांग लागली होती. मांजरांचे पिंजरे कुणाकडे असणार? कुणी बटाट्याच्या जाळीत मांजर आणलं होतं, कुणी उशीच्या अभ्र्यात, एकाने पोपटाच्या पिंजऱ्यात. नाल्दो माशांचा खोका दोरीने बांधून घेऊन आला होता, आणि आतलं मांजर त्या वासाने वेडं व्हायची वेळ आली होती. जाळ्यांतून, अभ्र्यांतून राखी कान डोकावत होते. बहुतेक सगळी सेनिसाचीच लेकरं होती. सगळे बाईला म्हणत होते, "कोमाद्रे, शेवटी आणलंत तर." आणि वाकून माझ्या काड्यांतून आत बघत होते. माझ्याइतकी देखणी वस्तू त्या रांगेत दुसरी नव्हती. पण कुणी माझं नाव काढलं तर शपथ.

आमचा नंबर चौदा होता. अकरावा पुकारला आणि माझ्या मनात हिशोब सुरू झाला. ऑपरेशन झालं, तर ही मांजरी आणखी दहा वर्षं जगणार आणि दहा वर्षं माझ्या उरावर बसणार. नाही झालं, तर ऑगस्ट येईल. पुढचं डॉक्टरने सांगितलंच होतं. मग मी पुन्हा धुतली जाईन, पुन्हा बेकरीत जाईन. मित्रांनो, असं मी खरोखर ठरवलं. टोपलीच्या हातात फार काही नसतं. धरून ठेवणं किंवा सोडून देणं, एवढंच. सेनिसाने झाकणाला डोक्याने धक्का मारला आणि मी फास सैल सोडला. खुंटी निसटली. लोक म्हणाले, काडी जुनी होती. काडी जुनी नव्हती. मी सोडलं.

ती बाणासारखी सुटली, तीन पायऱ्या, मग भिंत, मग खालच्या घळीतली काटेरी जाळी. दिसेनाशी झाली.

एकच गोंधळ उडाला. सोयऱ्यांनी आपापल्या जाळ्या, अभ्रे रांगेतल्या इतरांच्या हातात दिले आणि सगळे कोमाद्रे, कोम्पाद्रे घळीत उतरले. डॉक्टर दारात आली. "बारापर्यंत थांबते मी. पुढच्या वर्षीच येणं होईल परत. आणि काही खायला घालू नका. पोटात अन्न असलं तर भूल देता येणार नाही."

"एक तळलेला मासा दाखवला तर आत्ता येईल ती," नाल्दो म्हणाला.

"आणि खाल्ला तर?" क्लोरिंदाबाई म्हणाली.

"खाऊ नाही द्यायचा."

"नाल्दो, तुझ्या हातातला मासा तुझा बोका तुला विचारून खातो का?"

साडेदहा झाले, अकरा झाले. नऊ माणसांनी नऊ आवाजांत हाका मारल्या. सेनिसा जाळीच्या मध्यावर, हात पोचणार नाही अशा जागी बसली होती आणि कुणी जवळ गेलं की आणखी आत सरकत होती. एदेल्मिराबाई काट्यांत शिरली, दोन्ही मनगटं ओरबाडून घेऊन परत आली आणि पायरीवर माझ्या शेजारी बसली. 

"चूक माझीच. टोपली म्हातारी झालीय, तिच्यावर सोपवायला नको होतं," ती क्लोरिंदाबाईला म्हणाली. "आणि आधीच्या वर्षी तू सांगत होतीस तेव्हाच आणायला हवी होती. मेली ती, तर मी मारली म्हणायची."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की तू नाही, मी. पण टोपल्यांना आवाज नसतो. तिच्या मनगटावरचं रक्त माझ्या कडेवर लागलं. मी जिच्यासाठी हे केलं होतं, तिचंच रक्त.

मग बाई उठली. तिने मला जाळीच्या तोंडाशी नेलं, आडवं ठेवलं आणि झाकण उघडं सोडलं. "सगळे मागे व्हा. हाका पण मारू नका," ती म्हणाली. सगळे वर पायऱ्यांवर गेले. बाईसुद्धा. मी एकटी काट्यांसमोर पडून राहिले. आत अन्न नव्हतं, स्वेटर नव्हता, काही नव्हतं. मीच तेवढी होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. जाळी हलली. राखी तोंड बाहेर आलं. तिने वर बाईकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, आणि पोट जमिनीला लावत माझ्याकडे आली. माझ्या कडेला गाल घासला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग आत शिरली, गोल फिरली आणि अंग टाकून बसली. तिचं काळीज माझ्या तळाशी धडधडत होतं. थोड्या वेळाने ती गुरगुरू लागली, तशीच, जशी रोज गुरगुरायची. ते गुरगुरणं बाईसाठी आहे असं मी समजत आले होते. बाई तर तिथं वीस पायऱ्या वर उभी होती.

बाईच्या हाकेला ती आली नव्हती. लेकरांच्या वासाला आली नव्हती. माझ्याकडे आली होती. जिने तिला मरायला सोडलं, तिच्याकडे. बाईचा हात कुणावर आहे, हेच मी इतकी वर्षं बघत बसले, आणि माझ्या अंगाला रोज कोण गाल घासतं, तिकडे माझं लक्षच गेलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

क्लोरिंदाबाईने हळूच येऊन झाकण लावलं आणि खुंटी अडकवली. पायऱ्या चढताना सेनिसाने तीनदा धक्का मारला. मी धरलं. बाराला दहा मिनिटं कमी असताना आम्ही आत गेलो. रांगेतल्या कुणीही आमची जागा घेतली नव्हती.

दुपारी तिला माझ्यातच परत ठेवलं. पोटावरचे केस भादरलेले, जीभ बाहेर, सगळं अंग ओल्या फडक्यासारखं. बाई दर पाच मिनिटांनी श्वास बघायची. मीही बघत होते. ऑगस्ट आला, बोके पत्र्यांवर ओरडून ओरडून थकले, आणि सेनिसा माझ्यात घोरत राहिली. तिच्या पाठीवर मांस चढलं.

पण बाईला ज्याची भीती होती ते झालं. पिल्लं नाहीत म्हटल्यावर पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. बाईने सहा कप मांडले होते, पाच परत फळीवर ठेवले. दुसऱ्या रविवारी क्लोरिंदाबाई दारात उभी राहिली.

"कोमाद्रे, तुझी टोपली दे. पलीकडच्या टेकडीवर ऑपरेशनं आहेत. माझी बहीण आपलं मांजर जाळीतून न्यायचं म्हणते मेली, बटाट्यासारखं."

"खुंटी सैल आहे तिची."

"नाही. मी बघितलंय. चांगली धरते."

तेव्हापासून मी टेकड्याटेकड्यांवर फिरते. ज्याला मांजर न्यायचं असतं तो मला मागायला येतो आणि चहा घेतो. परत द्यायला येतो, पुन्हा चहा घेतो. मांजर कसं सोसलं, किती रडलं, घरी येऊन कसं खाल्लं, सगळं सांगतो. खुर्च्या पुन्हा पुरेनात. आता येणारे सेनिसाला विचारतात, पण आधी म्हणतात, "टोपली आहे का घरी?" खोटं कशाला बोलू, हे ऐकायला मला फार आवडतं.

मित्रांनो, तुमच्या घरी मांजरी असेल, तर तिच्यासाठी तुम्हालाच ठरवावं लागेल. ती बोलणार नाही, आणि तिच्या गप्प राहण्यातून आपल्या सोयीचं ऐकू येतं, हे मी जवळून पाहिलंय. वेळेवर ठरवा. आणि तुमच्या घरात कुणी धुसफुसत कोपऱ्यात बसलेलं असेल, मग ती टोपली का असेना, तिच्याकडेही जरा बघा.

एवढं सांगून थांबणार होते, पण परवाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाल्दोच्या मेहुणीचा लाल बोका मी नेला आणि आणला. घरी आल्यावर सेनिसा धावत आली, माझी कड हुंगली, आणि फिस्कारून पाठीचे केस उभे केले. मग माझ्याकडे पाठ करून ती गार फरशीवर जाऊन बसली. दोन दिवस आत आली नाही. एदेल्मिराबाई म्हणाली, "हिला काय झालं गं बाई, तब्येत बिघडली की काय?" तब्येत ठीक होती. तो आजार माझ्या चांगला ओळखीचा आहे. तिसऱ्या दिवशी ती आली, रागारागाने माझ्या तळाला नखं मारली, दोन काड्या तोडल्या, आणि मग वेटोळं करून झोपली. मी कुरकुरले नाही.